दहापैकी आठ

सरांना झटका आला तो भर वर्गात, आणि पहिली काही मिनिटं तो कुणाला कळलाच नाही. मार्तंड सरांच्या केमिस्ट्रीच्या वर्गात मध्येच तोंड उघडायची लातुरात कुणाची छाती नाही. सर बेन्झीनवरून भलतीकडेच गेले, बोलण्याला शेंडा ना बुडखा राहिला, तरी समोरची पोरं माना खाली घालून ते सगळं उतरवून घेत होती. त्यांना वाटलं, हे काहीतरी नवीन आहे, पुस्तकात नसलेलं, सीईटीला हमखास येणारं. सरांचा उजवा हात फळ्यावरून घसरला आणि ते टेबलाला टेकून खाली बसले, तेव्हा कुठे पहिल्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली.

मी सरांची बायको. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण मीही त्यांना सरच म्हणते. घरात, बाजारात, देवळात, सगळीकडे सर. आम्हाला मूल नाही. जी काही पोरं झाली ती वर्गातलीच, आणि त्यातली निम्मी आज डॉक्टर आहेत. हे मी येईल-जाईल त्याला अभिमानाने ऐकवायचे. त्या दिवशी मात्र त्याच डॉक्टर पोरांनी माझं डोकं खाल्लं.

क्लास आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर आहे. मी वर नाश्त्याला चुरमुऱ्यांचा सुशीला परतत होते आणि माझे दीर वैजनाथभाऊजी नुकतेच गावाकडून तुरीची डाळ घेऊन आले होते. खालून आरडाओरडा आला म्हणून आम्ही दोघं धावलो. पोरांनी सरांना उचलून रिक्षात घातलं. भाऊजी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि दवाखाना येईपर्यंत नुसतं "दादा, दादा" करत राहिले.

सर शुद्धीवर होते, हेच मला जास्त भयंकर वाटत होतं. ते माझ्याकडे बघत होते आणि बोलत होते. सूर सगळा वर्गातलाच, समजावून सांगितल्यासारखा, शेवटी प्रश्न विचारल्यासारखा वर जाणारा. शब्द मात्र एकही मराठीतला नव्हता, इंग्रजीतला तर नाहीच. मी मान हलवत होते. कशाला हलवत होते देव जाणे, पण सर बोलत असताना मान हलवायची मला सवयच आहे.

दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टर होत्या तनुजा मॅडम. वय पस्तिशीच्या आतबाहेर, अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. त्यांनी आधी एकच विचारलं, हे सुरू कधी झालं. मागे आलेल्या पोरांनी एका सुरात वेळ सांगितली. इतकी पक्की वेळ क्वचितच मिळते, असं त्या म्हणाल्या. बरेच लोक तर झोपेतून उठतात तेच असे उठतात. मग त्यांनी सरांना सीटी स्कॅनच्या खोलीत नेलं, आणि थोड्याच वेळात मला आणि भाऊजींना आत बोलावलं.

कॉम्प्युटरवर सरांच्या डोक्याचा फोटो होता. बाहेर पांढरं कडं आणि आत राखाडी रंगाचं कायबाय. एवढा हुशार माणूस आतून असा राखाडी असेल असं मला वाटलं नव्हतं.

"काकू, डाव्या बाजूच्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "बोलणं आणि उजवा हात त्याच बाजूने चालतात. ही वाहिनी मेंदूच्या जेवढ्या भागाला रक्त पुरवते त्याचे आम्ही दहा तुकडे धरतो. एका तुकड्याला एक मार्क. जो तुकडा खराब झालेला दिसतो, त्याचा मार्क कापायचा. सरांना दहापैकी आठ आहेत."

माझ्या जिवात जीव आला. लातुरात राहणाऱ्या माणसाला रक्तदाब कळत नाही, साखर कळत नाही, पण मार्क कळतात. आठ म्हणजे ऐंशी टक्के. ऐंशी टक्क्यांना आमच्याकडे पेढे वाटत नसतील, पण कुणी गळा काढून रडतही नाही. भाऊजींनीसुद्धा टोपी काढून कपाळ पुसलं.

"आता एक इंजेक्शन द्यायचं आहे," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "त्याने गुठळी विरघळते. पण शंभरातल्या पाच-सहा जणांना त्याच इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होतो, त्यात माणूस दगावूही शकतो. झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. तुमची सही लागेल."

भाऊजींनी टोपी परत घातली. "आठ पडलेत म्हणता, आन् मग असलं जहरी इंजेक्शन कामून? पास झालेल्या पोराला कुणी ग्रेस देतंय का?"

मला ते शंभर टक्के पटलं. माझं डोकं जे अडकलं ते इथेच. चांगले मार्क पडलेत, तर गुपचूप घरी न्यावं, चार दिवस पडू द्यावं, मुगाची खिचडी द्यावी. वाईट पडले असते तर गोष्ट वेगळी. डॉक्टर काहीतरी सांगत होत्या, पण माझ्या कानात तो आठच घुमत होता.

तेवढ्यात गोंधळात भर पडली. दारात उभ्या असलेल्या एका पोराने स्क्रीनचा फोटो काढून सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. माझा फोन वाजायला लागला तो थांबेचना. पहिला अनिमेषचा. सरांचा सगळ्यात लाडका, बोर्डात आलेला, आता पुण्यात मोठा डॉक्टर. "काकू, मला तर सहाच वाटतायत. सहावर रिस्क आहे. थांबा जरा, मी इथे सीनियरना दाखवतो." तो ठेवते न ठेवते तोच दुसऱ्याचा. तो म्हणाला, नऊ आहेत, बिनधास्त द्या. तिसरी त्वचारोगाची डॉक्टर, ती म्हणाली दहापैकी दहा, काहीच झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका. चौथ्याने मार्क सांगितलेच नाहीत, नुसता हुंदके देत राहिला. एकाच डोक्याचा एकच फोटो, आणि सरांच्या हाताखालून गेलेल्या पोरांत एकमत नाही.

आता लातुरात मार्कांचा घोळ झाला की काय करायचं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फेरतपासणीचा अर्ज करायचा. दर जूनमध्ये आमच्या घरी त्या अर्जांची जत्रा भरते, आणि मार्क वाढून येतात हाही अनुभव आहे. मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, "पुण्याहून फिरून तपासून येऊ द्या. मग मी सही करते."

"काकू, उत्तरपत्रिका कपाटात राहिली तरी मार्क तेवढेच राहतात," डॉक्टर म्हणाल्या. आवाज तसाच बारीक. "हे मार्क आपण बोलतोय तोवर कमी होतायत."

भाऊजींनी मला बाजूला घेतलं. एवढ्या वेळात त्यांनी वॉर्डबॉयकडून डॉक्टरांची कुंडली काढून आणली होती. "वहिनी, ही बाई मुखेडची हाय. क्लास बी नांदेडला केलेला. लातूरचं शिक्षान न्हाई. आपल्या अनिमेषचं ऐका." मी स्वतः कंधारची, म्हणजे नांदेड जिल्ह्यातलीच, हे भाऊजी तीस वर्षांत साफ विसरून गेलेत. दुसऱ्या वेळी मी त्यांना चांगलं सुनावलं असतं. त्या वेळी मला खरंच वाटलं, अनिमेषचा फोन येईपर्यंत थांबावं.

काचेतून सर दिसत होते. ते अजून बोलतच होते. नर्स सलाईन लावत होती आणि सर तिला काहीतरी समजावून सांगत होते, डाव्या हाताने हवेत काढून दाखवत होते. नर्सने मान हलवली नाही. मला तिचा राग आला.

मी परत डॉक्टरांकडे गेले. भांडायलाच गेले. "तुम्ही म्हणता आठ चांगले. मग द्यायचं कशाला? समजा तीन पडले असते, तर दिलं असतं का?"

"तीन असते तर बहुतेक दिलं नसतं."

"म्हणजे? जो जास्त आजारी त्याला देणार नाही?"

"वाचवायला फारसं उरलं नसतं, काकू. आणि मेलेल्या भागात रक्तस्रावाची भीती जास्त. आठ आहेत म्हणजे बराच भाग अजून जिवंत आहे. रक्ताविना तडफडतोय, पण जिवंत आहे. त्याच्यासाठीच द्यायचं."

जगात सगळीकडे कच्च्याला आधी मदत करतात, आणि ही बाई उलटंच सांगत होती. मी तिथल्या खुर्चीत बसले. आणि मग मला आमची स्पेशल बॅच आठवली. सर दर मे महिन्यात परीक्षा घेतात, ऐंशी किंवा त्याच्या वर ज्याला पडतील तोच स्पेशल बॅचला. ऐंशीच्या खाली राहिलेल्या पोरांचे बाप आमच्या बैठकीत येऊन हात जोडतात, कच्च्यालाच तर शिकवायची गरज आहे सर, म्हणतात. सर ऐकत नाहीत. ज्याच्यात दम आहे त्याच्यावरच मी मेहनत घेणार, बाकीच्यांवर घेऊन माझी मेहनत वाया जाते आणि पोरगंही खचतं, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्या बापांना चहा मी देत आले, आणि मला सरांचा हा निर्दयपणा कधीच आवडला नाही.

"म्हणजे हे इंजेक्शन आमच्या सरांसारखंच आहे," मी म्हणाले. "ऐंशी पडलेल्यालाच घेतं."

डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "हो. तसंच धरा. मी बसले होते सरांच्या त्या परीक्षेला. मला अठ्ठ्याहत्तर पडले." ताप किती आहे ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं, आणि सहीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

कळलं म्हणून हात चालतो असं नाही. शंभरातले पाच-सहा माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. त्या पाच-सहांच्याही बायकांनी कुठेतरी सही केलीच असेल. आणि नऊ, सहा, दहा असे आकडे डोक्यात फिरत होते. मी भाऊजींकडे बघितलं. ते इंजेक्शनला नाही म्हणतील, मग मी सुटेन, असं मला वाटत होतं हेही सांगून टाकते.

भाऊजी काचेपाशी उभे होते. सरांचं ते बोलणं बघत होते. मग माझ्याकडे न वळताच म्हणाले, "भूकंपात मी भिंतीखाली होतो, तवा मला भाईरचं समदं ऐकू यायलं होतं, वहिनी."

आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. भूकंपात माझी सासू गेली, भाऊजींना दुपारी मातीतून काढलं, एवढं मला माहीत होतं. यापुढचं भाऊजी वीस वर्षांत कधी बोलले नव्हते.

"लोकं वर येऊन हाका मारायची. मी जबाब द्यायलो होतो. मला वाटायचं मी लई मोठ्यानं बोलायलोय. पर भाईर काहीच जात नव्हतं. इथं कुणी न्हाई, फुडं चला, असं म्हणलेलं मी माझ्या कानानं ऐकलं. समदे गेले. दादा तेवढा गेला न्हाई, हातानं उकरत बसला." त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "दादा आता तसाच हाय आत. करा सही."

मी सही केली. नीट कळून केली असं मी म्हणणार नाही. अनिमेषचा फोन वाजत होता, तो मी घेतला नाही.

इंजेक्शन सुरू झालं. नर्स घडीघडीला रक्तदाब बघायची आणि मी तिचं तोंड बघायचे. दुपारनंतर सरांच्या उजव्या हाताची बोटं हलली. संध्याकाळी त्यांनी हात कोपरापर्यंत उचलला. भाऊजी तिथेच भिंतीला डोकं टेकून लहान पोरासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी परत स्कॅन झालं. आठचे आठ राहिले होते, रक्तस्राव नाही. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. सर डिस्टिंक्शन, असं कुणीतरी लिहिलं, आणि खाली शंभर जणांनी अंगठे दिले. अनिमेषने फोन करून सांगितलं, काकू, काल मीही आठच म्हणत होतो. भाऊजी पेढे घेऊन आले आणि वॉर्डभर वाटत सुटले.

सर मात्र गप्प झाले होते. आदल्या दिवशीचं ते बोलणंही थांबलं होतं. मी डॉक्टरांना विचारलं, "आठ राहिले म्हणता, मग बोलत का नाहीत? जे दोन गेले ते कुठले?"

"बोलण्याचे," त्या म्हणाल्या.

"मग काल का नाही सांगितलंत?"

"काल तेही थोडेफार वाचतील अशी आशा होती. मार्क किती गेले ते कळतं काकू, त्या जागी माणूस किती उरलाय ते फोटोत दिसत नाही. काही जण सहा महिन्यांत बोलायला लागतात. काही नाही लागत. सर कुठल्यातले, ते मला आज सांगता येत नाही."

मला इतका राग आला की मी भाऊजींच्या हातातला पेढ्यांचा डबा ओढून घेतला. मग तो कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून मांडीवर घेऊन बसले. जन्मभर बोलून पोट भरलेला माणूस. त्याचे आठ राखले आणि नेमके ते दोन गेले. लोक येत होते, सरांचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते, माझंही करत होते. हसावं की रडावं हे कळत नाही असं आपण सहज म्हणतो. मला ते खरोखर कळत नव्हतं.

घरी आल्यावर सर चालायला लागले, आपल्या हाताने जेवायला लागले, शर्टाची बटणं लावायला लागले. तोंड मात्र उघडेनात. चुकीचं बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं, असा त्यांचा मूळचाच स्वभाव. काय हवं ते बोटाने दाखवायचे. खालचा वर्ग बंद पडला आणि बॅच आठवडाभरात दुसऱ्या क्लासमध्ये वाटून गेली. पोरांना दोष नाही, परीक्षा कुणासाठी थांबत नाही.

महिन्याने डॉक्टरांनी तपासायला बोलावलं. मी, सर आणि भाऊजी गेलो. डॉक्टरांनी टेबलावर दहा वस्तू मांडायला घेतल्या, त्या नऊच भरल्या, तसं त्या म्हणाल्या, "चालेल." कागदावर एक ते दहा आकडे लिहिले आणि पेन सरांपुढे धरलं. "सर, हे काय आहे?"

सरांनी पेनाकडे बघितलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. महिनाभर बंद असलेलं तोंड उघडलं आणि ते म्हणाले, "इंदू."

मी आधी मागे वळून बघितलं. मग लक्षात आलं, इंदू मीच.

हे नाव सरांच्या तोंडून मी फारच कमी वेळा ऐकलं आहे. आमच्यात चार माणसांत नवरा बायकोचं नाव घेत नाही. घरात 'अगं, ऐकलं का', आणि बाहेरच्यांपुढे नुसतं 'आमच्या घरी'. लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हाही त्यांनी माझं नाव इतकं पुटपुटून उरकलं होतं की बायकांनी परत घ्यायला लावलं, तर हे उठून मांडवाबाहेर गेले.

डॉक्टरांनी कप दाखवला. "इंदू." किल्ली दाखवली. "इंदू." चष्मा, कंगवा, चमचा, सगळं इंदू. चुकतंय हे सरांना कळत होतं. चुकीचं उत्तर सरांना कळणार नाही असं कधी झालंय? त्यांनी टेबलावर मूठ आपटली, डोळे मिटले, पुन्हा जोर लावला, आणि आणखी मोठ्याने तेच आलं. बाहेरच्या बाकावर बसलेले लोक वाकून बघायला लागले. भाऊजी संकोचून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. डॉक्टर प्रत्येक आकड्यापुढे फुली मारत होत्या.

नऊ फुल्या झाल्या. दहावी वस्तू नव्हती. डॉक्टरांनी इकडेतिकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बोट केलं. मला वाटतं त्यांना दया आली असावी. "आणि ह्या कोण, सर?"

मी सरसावून बसले. एवढा तरी मार्क कुठे जात नाही, असं मनात म्हटलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. ओठ उघडले. मग त्यांनी भाऊजींकडे बघितलं, दारातल्या लोकांकडे बघितलं, खाली मान घातली आणि ओठ मिटून घेतले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. डॉक्टर थांबल्या, बराच वेळ थांबल्या. मग त्यांनी दहावी फुली मारली आणि खाली शून्य लिहिलं.

"डॉक्टर, शेवटचं फिरून तपासा," मी म्हणाले. "चार माणसांत बायकोचं नाव घेत नाहीत आमच्यात. तुम्ही मुखेडच्या, तुम्हाला माहीत आहे. येत होतं, म्हणूनच ते गप्प बसले."

डॉक्टरांनी सरांकडे बघितलं. सर अजून खालीच बघत होते.

"असेल, काकू," त्या म्हणाल्या. "नसेलही. मला नाही सांगता येत."

मला तरी कुठे सांगता येतंय. पण एक मार्क द्यायला पाहिजे होता.